टेंडर हातचे गेले, तर गप्प का बसावे?

सरकारी खरेदीचा विषय निघाला की आमच्या कापडबाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते, "ते तर आधीच ठरलेले असते!" इस्पितळाच्या चादरी असोत की आश्रमशाळेचे गणवेश, टेंडर दुसऱ्याला गेले की आपला व्यापारी बयाणा रक्कम परत मागतो आणि घरी बसतो. चुकीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते हे थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे तेही साहेबांची नाराजी नको म्हणून गप्प राहतात. आमच्या मते ही सवय आपल्याला महागात पडते आहे.

सरकार म्हणजे खाजगी दुकानदार नव्हे, की मनाला येईल त्याच्याकडून माल घ्यावा. राज्यघटनेचे कलम 14 त्याच्या खरेदीलाही लागू आहे. रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली हे स्पष्ट केले. ठेका होता मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहाचा. नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचे हॉटेल आणि पाच वर्षांचा अनुभव, अशी अट होती. ज्याला ठेका दिला तो त्या अटीत बसत नव्हता. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेलाही पाळावी लागेल, असे न्यायालयाने बजावले. तरीही अर्जदाराच्या पदरी ठेका पडला नाही. त्याचे एक कारण म्हणजे तो पाच महिन्यांहून अधिक उशिराने आला होता आणि तोवर ठेकेदाराने पैसा गुंतवला होता. हक्क खरा असला तरी उशीर त्याला मारतो, हा धडा व्यापाऱ्याने गाठीला बांधावा.

दुसरी गोष्ट, न्यायालय मालाची पारख करीत नाही. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून भूमिका पक्की आहे की निर्णयापेक्षा निर्णय घेण्याची रीत तपासली जाईल. म्हणून "आमचे कापड त्याच्यापेक्षा सरस" ही तक्रार टिकणार नाही. "आमचा नमुना तपासलाच नाही", "जो कागद नाही म्हणून आम्हाला बाद केले, तोच त्याला माफ केला" ही तक्रार टिकू शकते. आपला भाव जास्त होता म्हणून टेंडर गेले असेल, तर तो अन्याय नव्हे, तो धंदा आहे.

मग करावे काय? अट जाचक वाटली तर दर भरण्यापूर्वीच लेखी हरकत घ्या. अट मान्य करून भाग घ्यायचा आणि हरल्यावर तिच्या नावाने ओरडायचे, हे न्यायालय सहसा ऐकत नाही. बाद केले तर त्याच दिवशी कारण लेखी मागा. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 प्रमाणे विचारणा केल्यास कारण सांगावे लागते, आणि हरकत घेण्याची सोय टेंडरच्या कागदपत्रांतच ठेवावी लागते. राज्याच्या खात्यांसाठी 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे, ती जवळ ठेवावी. हरकतीची मुदत फार थोडी असते, ती आधीच वाचून ठेवा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर दरांचा तुलनात्मक तक्ता आणि मूल्यमापन समितीची टिपणी मागता येते. पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात, तोवर हरकत थांबवू नका. वरिष्ठांकडून दाद मिळाली नाही, तर कलम 226 खाली उच्च न्यायालय आहे. ठेकेदाराने काम सुरू करण्याआधी तिथे पोहोचावे.

"साहेब काळ्या यादीत टाकतील" ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. 1974 सालीच, इरुशियन इक्विपमेंट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणाला काळ्या यादीत टाकता येत नाही. छुपा आकस राहतोच, हे आम्ही नाकारत नाही. पण लेखी हरकत घेणाऱ्याचा कागद पुढच्या वेळी जपून तपासला जातो, हाही आमचा अनुभव आहे.

खरी अडचण खर्चाची आहे. मालेगावच्या लहान कारखानदाराने चादरींच्या एका टेंडरसाठी मुंबईला वकील कसा उभा करावा? तमिळनाडूने 1998 साली, कर्नाटकाने 1999 साली आणि राजस्थानने 2012 साली खरेदीचे कायदे करून त्यांत अपिलाची वाट ठेवली. केंद्राचे 2012 चे विधेयक मात्र 2014 मध्ये लोकसभेबरोबरच संपले. महाराष्ट्रातही असे स्वस्त आणि मुदतीत निकाल देणारे अपील कायद्यानेच मिळावे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर निदान एवढे करावे. प्रत्येक संघटनेने टेंडरचे कागद वाचू शकणारा एक माणूस नेमावा आणि खटल्याच्या खर्चासाठी वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. एकट्याची तक्रार फाईलखाली दबते. दहा कारखानदारांच्या सहीचा अर्ज दाबणे साहेबालाही जड जाते.