हायड्रोजनचा हिशेब

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस संमती दिली आणि तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हायड्रोजन देशात निर्माण करण्याचा हा संकल्प आहे. तो सिद्धीस जावा असेच आम्हांस वाटते. परंतु या रकमेची फोड पाहिली म्हणजे मन साशंक होते. १७,४९० कोटी रुपये उत्पादकांना उत्तेजन म्हणून मिळावयाचे आहेत. संशोधनाच्या पदरात पडले आहेत अवघे ४०० कोटी. शंभर रुपयांत दोन रुपये!

हे प्रमाण आम्हांस का खटकते, हे सांगण्यासाठी थोडा हिशेब मांडणे प्राप्त आहे. पाण्यात वीज सोडून एक किलो हायड्रोजन काढावयाचा, तर ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोभर वायूत शक्ती असते सुमारे ३३ युनिटांची. वायू अतिशय हलका. तो वाहनाच्या टाकीत मावावा म्हणून त्याला हवेच्या दाबाच्या ३५० ते ७०० पट दाबावे लागते. त्यासाठीही वीज हवीच. अखेर इंधनघटात त्याची पुन्हा वीज करावी, तर हाती सोळा-अठरा युनिट येतात. पन्नासाची पुंजी घेऊन बाजारात गेलेला व्यापारी सोळा घेऊन परतला, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. रात्रीपुरती वीज साठवावयाची असेल, तर बॅटरीच बरी, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात घोंघावणारा वारा मार्गशीर्षापर्यंत राखून ठेवावयाचा, तर बॅटऱ्यांचा डोंगर कोणास परवडणार? तेथे हायड्रोजनची गरज पटते. खतांच्या कारखान्यांना तर तो वायू म्हणूनच हवा असतो.

अनुदानाने तोटा भरून निघतो, कमी होत नाही. तो कमी होतो प्रयोगशाळेत. आणि तीही अशी हवी की, जेथे निर्मिती, साठवण व पुन्हा वीज या तिन्ही पायऱ्या एकत्र तपासता येतील. संथ, अखंड विजेवर उत्तम चालणारे यंत्र ढगाआड जाणाऱ्या सूर्यापुढे अडखळते. वीज मंदावली की यंत्रातील पडद्यातून झिरपणाऱ्या हायड्रोजनचे ऑक्सिजनमधील प्रमाण वाढते, आणि ते मिश्रण स्फोटक होऊ शकते. शिवाय अशा यंत्रांच्या एका प्रकारात इरिडियम लागते आणि इंधनघटात प्लॅटिनम. हे धातू आपणांस बव्हंशी बाहेरून आणावे लागतात. त्यांना पर्याय शोधला नाही, तर तेलाचे परावलंबन जाऊन धातूंचे येईल.

डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथे पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली सरकारी साहाय्याने प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. तिच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून त्यावर शाळेचे दिवे पेटवले. स्फोटांनी खिडक्यांच्या काचाही फुटल्या. तथापि प्रयोग थांबले नाहीत. एका खेडेगावातील शाळेला सव्वाशे वर्षांपूर्वी जे सुचले, ते आमच्या नियोजनकारांस सुचू नये?

पुण्यापुरते बोलावयाचे, तर येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी यांनी तयार केलेली हायड्रोजनवरील बस याच शहरात लोकांपुढे आली. माणसे आहेत, अनुभव आहे. आमची मागणी एवढीच की, संशोधनाचा वाटा वाढवावा आणि त्यातून सौरपट्ट्यांपासून इंधनघटापर्यंतची सगळी साखळी एका छपराखाली चालवणारी प्रयोगशाळा येथे उभारावी. तिची दारे महाविद्यालयांना आणि भोसरी-चिंचवडच्या लहान कारखानदारांनाही उघडी असावीत. आणि पहिल्या पावसाळ्याअखेर शंभर युनिट घातल्यावर किती परत आली, तो आकडा कितीही लाजिरवाणा असला तरी जनतेपुढे छापून यावा.