फोन म्हातारा होत नाही, ड्रायव्हर सोडून दिला जातो

‘हा गेम तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही’ असं स्क्रीनवर आलं, की आपण निमूटपणे नव्या फोनचे हप्ते शोधायला लागतो. नकार चिपने दिला की तिच्या वतीने बोलणाऱ्या ड्रायव्हरने, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं. आणि नकार ड्रायव्हरचा असेल, तर तो देण्याचा मक्ता चिप विकणाऱ्या कंपनीकडे असता कामा नये.

थोडं खोलात जाऊ. अँड्रॉइडवरचे आजचे बरेचसे गेम ग्राफिक्स चिपशी व्हल्कनमधून बोलतात. क्रोनोस या गटाने 2016 मध्ये आणलेलं हे मानक. त्याच्या गाभ्यात नसलेल्या गोष्टी ‘एक्स्टेन्शन’ म्हणून येतात. गेम सुरू होताना ड्रायव्हरला विचारतो, “तुला हे येतं का?” ड्रायव्हर ‘नाही’ म्हणाला, की विषय संपला. चिपला ते येत असलं तरीही.

उदाहरण घ्या ट्रान्स्फॉर्म फीडबॅकचं. शेडरने हलवलेले त्रिकोणांचे बिंदू पुन्हा मेमरीत लिहून ठेवायचे, एवढंच हे काम. 2012 च्या ओपनजीएल ईएस 3.0 मध्ये ते आहे, म्हणजे ते मानक पाळणाऱ्या प्रत्येक चिपवर ते करता येतं. व्हल्कनमध्ये मात्र ते 2018 मध्ये एक्स्टेन्शन म्हणून आलं, मुख्यतः विंडोजचे गेम व्हल्कनवर चालवणाऱ्यांच्या गरजेतून. त्याआधी बाजारात आलेल्या फोनला ते कोण देणार? कंपनीचं लक्ष एव्हाना पुढच्या चिपच्या जाहिरातीकडे गेलेलं असतं.

इथे मेसा कामाला येतं. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये सुरू केलेली ही खुली ग्राफिक्स लायब्ररी. तिच्यातला टर्निप हा क्वालकॉमच्या ॲड्रेनो चिपसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर, आणि त्यात ट्रान्स्फॉर्म फीडबॅक आहे. विनलेटरसारखी ॲप्स फोनवर विंडोजचे गेम चालवताना टर्निप सोबत घेऊन येतात, ते उगाच नाही.

मेसात एक्स्टेन्शन येतं कसं? यादीत नावापुढे ‘ट्रू’ लिहिणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. त्याआधी कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की चिप ऐकते, ते शोधावं लागतं, कारण माहितीपुस्तिका कंपनीच्या कपाटात असते. मग शेडर कंपायलर बदला, क्रोनोसच्या खुल्या चाचण्या चालवा, मर्ज रिक्वेस्ट टाका आणि कधी न भेटलेल्या लोकांनी काढलेल्या चुका निस्तरा. ‘ट्रू’ म्हणजे गेमला दिलेला शब्द असतो. तो खोटा निघाला तर कोणत्या ओळीत, हे इथे कुणालाही दाखवता येतं. बंद ड्रायव्हरमध्ये तक्रार करून वाट बघायची.

‘चिप बनवणाऱ्यालाच ती नीट कळते’ हा नेहमीचा बचाव. ॲपलकडे बघा. मॅकवर त्यांनी ओपनजीएल 4.1 वरच थांबवलं आणि 2018 मध्ये ते कालबाह्य जाहीर केलं. असाही लिनक्सच्या मंडळींनी फेब्रुवारी 2024 मध्ये ॲपलच्याच एम1 आणि एम2 चिपवर ओपनजीएल 4.6 अधिकृत चाचण्यांसह चालवून दाखवलं. चिपमध्ये जिऑमेट्री शेडरची सोयच नव्हती. ते काम त्यांनी कम्प्यूट शेडरकडून करून घेतलं. एएमडीने तर 2025 मध्ये स्वतःचा खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद केला आणि मेसातल्या आरएडीव्हीला पाठिंबा दिला. तो ड्रायव्हर 2016 मध्ये कंपनीबाहेरच्या लोकांनी सुरू केला होता.

दुसरा बचाव पेटंटचा. एस3टीसी या टेक्स्चर कॉम्प्रेशनचं पेटंट होतं, म्हणून मेसा वापरणाऱ्यांना त्यासाठी वेगळी लायब्ररी शोधून टाकावी लागायची. ऑक्टोबर 2017 मध्ये पेटंट संपलं आणि ते मेसात आलं. अडथळा कागदाचा होता. चिप आधीपासून तयारच होती.

आणि ही फुकटची हमाली आहे, असंही समजू नका. टर्निपवर इगालियासारख्या कंपनीतले पगारी इंजिनीअर काम करतात. मुद्दा फुकटाचा नाहीच. ज्याला गरज आहे त्याला काम करता यावं किंवा करून घेता यावं, विक्रेत्याच्या परवानगीवाचून, हा आहे.

आपल्याकडे कम्प्युटर ग्राफिक्सच्या पेपरात ब्रेझनहॅमची रेषा हाताने काढून मार्क मिळवलेले हजारो इंजिनीअर आहेत. त्यांच्यातल्या किती जणांनी खिशातल्या चिपचा ड्रायव्हर उघडून बघितलाय? मेसाचा कोड सगळ्यांसमोर आहे. मर्ज झालेलं एक एक्स्टेन्शन घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, तेही नुसत्या फोनवर जमतं.

आणि पुढचा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी दुकानदाराला विचारा: ग्राफिक्स ड्रायव्हरचे अपडेट किती वर्षं मिळणार? त्याला सांगता येणार नाही. पण हा प्रश्न रोज दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर तो कधीतरी वरपर्यंत पोचेल.