लघवीच्या तपासणीतून मुलांच्या मेंदूचा टीबी कळेल का?

"डॉक्टर, पाठीत सुई टोचायची कशाला? आता लघवीतूनही टीबी कळतो म्हणतात ना?"

मेंदूच्या टीबीचा संशय असलेल्या मुलाचे आईवडील हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यात चुकीचे काही नसते. मोबाईलवर अशा बातम्या फिरत असतात आणि समोर तापाने ग्लानीत गेलेले लेकरू असते. लघवीची बाटली भरून देणे सोपे, पाठीतून पाणी काढू देणे अवघड. त्यामुळे या बातमीत खरे किती आणि आज तुमच्या मुलासाठी त्याचा उपयोग किती, हे दोन्ही नीट समजून घेऊ.

संशोधन खरे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊन भागात मुलांमध्ये टीबीचा मेंदूज्वर बराच आढळतो. तिथल्या मुलांच्या लघवीचा अभ्यास करून स्टेलेनबॉश आणि नॉर्थ-वेस्ट या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लघवीत शरीराच्या कामकाजातून तयार झालेले शेकडो पदार्थ असतात. या आजारात त्यांतले चार पदार्थ एकत्र पाहिले तर आजाराची एक खूण मिळते, असे त्यांनी मांडले. मिथाइलसायट्रिक, कीटोग्लुटारिक, क्विनोलिनिक आणि हायड्रॉक्सीहिप्युरिक अशी या चार आम्लांची नावे आहेत.

नावे लक्षात ठेवायची गरज नाही, पण क्विनोलिनिक आम्लाची गोष्ट समजण्यासारखी आहे. आपल्या जेवणातल्या प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. शरीरात सूज आली, संसर्ग झाला की या ट्रिप्टोफॅनचे विघटन वेगळ्या वाटेने होऊ लागते आणि त्यातून क्विनोलिनिक आम्ल बनते. ते जास्त झाले तर मेंदूच्या पेशींना इजा करते. इंडोनेशियात मोठ्या वयाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ट्रिप्टोफॅनचा संबंध दिसला. ज्यांच्या पाठीच्या पाण्यात ते कमी होते, ते रुग्ण वाचण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे हा धागा हवेतला नाही.

तरीही या चार आम्लांवरून तुमच्या मुलाचे निदान आज करता येत नाही. सूज आली की वाढणारा पदार्थ टीबीशिवाय इतर संसर्गातही वाढू शकतो. निरोगी मूल आणि टीबीचा मेंदूज्वर झालेले मूल यांच्यात फरक दाखवणे तुलनेने सोपे असते. डॉक्टरांपुढचा पेच वेगळा असतो. समोरच्या मुलाला टीबीचा मेंदूज्वर आहे, विषाणूचा आहे, की अर्धवट औषध मिळालेला जिवाणूंचा? शिवाय हायड्रॉक्सीहिप्युरिक आम्ल आतड्यातल्या जिवाणूंच्या कामाशी जोडलेले आहे. केपटाऊनच्या मुलाचे जेवण वेगळे आणि चोपडा किंवा शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यावरच्या भाकरी खाणाऱ्या मुलाचे वेगळे. त्यात आपले मूल मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला दोन-तीन ठिकाणी अँटिबायोटिक मिळालेले असते, त्यानेही आतड्यातले जिवाणू बदलतात. तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आणि हे पदार्थ मोजणारे यंत्र महागडे, संशोधन प्रयोगशाळेतले असते. नेहमीच्या लघवी तपासणीत यातले काहीच दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

सोपी तपासणी पुराव्याच्या पुढे धावली की काय होते, हे आपण एकदा अनुभवले आहे. टीबीसाठी रक्तातली प्रतिद्रव्ये मोजणाऱ्या चाचण्या आपल्याकडे अनेक वर्षे सर्रास केल्या जात होत्या. त्या भरवशाच्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. तोवर कित्येकांनी पैसे भरून चुकीचे रिपोर्ट घेतले होते. उद्या कुणी "लघवीतून मेंदूचा टीबी" असे पॅकेज विकायला आले, तर मला आधी हेच आठवेल.

लघवीवर होणारी 'लॅम' नावाची एक चाचणी मात्र खरोखर वापरात आहे. ती टीबीच्या जंतूच्या आवरणाचा अंश शोधते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मुख्यतः एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी आहे. एरवीच्या मुलात ती निगेटिव्ह आली म्हणून मेंदूचा टीबी नाही, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातही या आजाराच्या निदानावर काम झाले आहे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी अनेक वर्षे एडीए या विकरावर आणि टीबीच्या जंतूच्या प्रथिनांवर अभ्यास केला. त्यांनी आधार घेतला तो पाठीच्या पाण्याचाच. कारण आजार जिथे आहे, त्याच्या सगळ्यात जवळचे पाणी तेच.

पाठीतल्या पाण्याची भीती

खान्देशात ही भीती खोलवर आहे. "पाठीतून पाणी काढले की पोर लुळे पडते" असे सांगणारे कुणीतरी प्रत्येक गावात भेटते. अनेकदा ते खोटे बोलत नसतात. त्यांनी पाणी काढल्यानंतर लुळे पडलेले मूल खरेच पाहिलेले असते. पण त्या मुलाला लुळे केले ते आजाराने. टीबीच्या सुजेमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि हातपाय जातात. तपासणीला उशीर झालेला असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतात आणि दोष सुईच्या माथी येतो.

सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. काही मिलिलिटर पाणी घेतात आणि शरीर ते काही तासांत भरून काढते. नंतर डोके किंवा कंबर थोडी दुखू शकते. मेंदूवर दाब फार वाढल्याची शंका असेल, तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात आणि गरज पडल्यास सुई पुढे ढकलतात. त्यामुळे "आधी स्कॅन लागेल का?" हा प्रश्न जरूर विचारा.

पाण्यातल्या पेशी, साखर आणि प्रथिने यांचा अंदाज बहुधा त्याच दिवशी येतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर टीबीचा जंतू शोधतात. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यात बनते. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. इथे एक गोंधळ नेहमी होतो. मुलांच्या पाठीच्या पाण्यात जंतू इतके थोडे असतात की सीबीनॅट निगेटिव्ह येऊनही टीबी असू शकतो. अशा वेळी डॉक्टर बाकीची चिन्हे, स्कॅन आणि घरातला टीबीचा इतिहास पाहून औषध सुरू करतात. "रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग टीबीच्या गोळ्या कशाला?" असे म्हणून मुलाला घरी नेऊ नका.

उशीर किती महागात पडतो

जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार घेऊनही टीबीचा मेंदूज्वर झालेल्या मुलांपैकी सुमारे १९ टक्के दगावली आणि वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना काही ना काही अपंगत्व राहिले. मूल शुद्धीत असताना उपचार सुरू झाले तर चित्र बरेच चांगले असते, बेशुद्ध झाल्यावर फार वाईट.

सुरुवात मात्र फसवी असते. पाच-सहा दिवसांहून जास्त चाललेला ताप, अधूनमधून उलट्या, चिडचिड, खेळणे बंद, वजन कमी. दात येत असतील, पोट बिघडले असेल, टायफॉइड असेल, कुणाची नजर लागली असेल, असे म्हणत दिवस जातात. जास्त झोपणे, मान ताठ होणे, डोळा तिरळा होणे किंवा झटका येणे यांपैकी काहीही दिसले, तर तालुक्याला थांबू नका. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. तिथे एक गोष्ट न विचारताही सांगा: घरात, शेजारी, ऊसतोडीच्या टोळीत किंवा सुरतेला कामावर सोबत असलेल्या कुणाला बराच काळ खोकला आहे का. लहान मुलाला हा जंतू बहुतेक वेळा जवळच्या मोठ्या माणसाकडूनच मिळतो. बीसीजी लस या आजारापासून बरेच संरक्षण देते, पण पूर्ण नाही. म्हणून दंडावर व्रण आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

लघवीच्या संशोधनाचा उपयोग माझ्या मते पुढे वेगळ्याच ठिकाणी होईल. उपचार साधारण वर्षभर चालतात आणि औषध लागू पडते आहे की नाही, हे पाहायला दरवेळी पाठीत सुई टोचणे कुणालाच नको असते. केपटाऊनच्या संशोधकांनीही निदानाबरोबर पाठपुराव्यासाठी ही खूण सुचवली होती. ते सिद्ध झाले, तर मुलांचा खरा त्रास वाचेल.

तोवर लघवीबद्दल एवढे ध्यानात ठेवा: रिफाम्पिसिनच्या गोळीमुळे ती नारिंगी-लाल होते. ते रक्त नाही, गोळी बंद करू नका. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या पुन्हा सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दाखवा.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले, तरी निक्षयवर नोंद करून घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात. शंका असल्यास १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालचे दुसरे भावंड असेल, तर त्याला टीबी नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायला सांगा. मोठे मूल दवाखान्यात असताना हे हमखास राहून जाते.