गालिचा उलटून पाहा

रमजानचा शेवटचा अशरा लागला की जळगावचे फुले मार्केट आणि धुळ्याचा आग्रा रोड इफ्तारनंतर पुन्हा गजबजतो. कपडे, अत्तर, शेवया यांच्यासोबत पडदे, चादरी आणि गालिचेही घरी येतात. ईदला पाहुणा येणार, त्याला बसायला चांगली बैठक हवी. दिवाळीआधी शेजारच्या घरात हीच लगबग असते.

पाहुण्याला बैठक देण्याचा मान खानदेशात जुना आहे. घोंगडी, चटई, सतरंजी, जाजम आणि गालिचा, ज्याची जशी ऐपत तशी बैठक. ‘गालिचा’ फारसीतून आला आणि मराठीत असा रुळला की कुणाला परका वाटत नाही. लग्नसराईत ज्याच्याकडे आधी धाव घ्यावी लागते, त्या मंडप-बिछायतवाल्याची ‘बिछायत’ही उर्दूच्या घरातली. मशिदीत सफ अंथरली की दुकानदार आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. गावात तंटा मिटवायचा असला की दोघांना एका जाजमावर बसवतात.

पण ज्याच्यावर बसायचे, ते कुणाच्या हातचे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हातगाठीचा गालिचा उभ्या मागावर तयार होतो. ताणलेल्या ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा धागा गुंफून कारागीर गाठ मारतो, धागा कापतो आणि पुढच्या गाठीकडे वळतो. ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा घालून पंजाने ठोकतो. काश्मीरमध्ये नक्षी ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत कागदावर उतरवलेली असते. ती वाचून कोणत्या रंगाच्या किती गाठी मारायच्या ते ठरते. हिशेब साधा आहे. 9 बाय 12 फुटांच्या गालिच्यात चौरस इंचाला 100 गाठी धरल्या, तर एकूण 15 लाख 55 हजार 200 गाठी होतात. दिवसाला 6 हजार गाठी मारणाऱ्या एका माणसाचे ते सुमारे 259 दिवसांचे काम. गालिच्याची किंमत ऐकून भुवया उंचावण्याआधी एवढा गुणाकार करावा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रसिद्ध अर्दबील गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव आणि इसवी सन 1539-40 शी जुळणारे हिजरी वर्ष विणलेले आहे. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा राणी व्हिक्टोरियासाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. आपल्या पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगातही इंग्रजी अमलात गालिचे विणले जात. त्यावर राणीचे नाव राहिले, तुरुंगाचे राहिले. गाठी मारणाऱ्यांचे राहिले नाही.

पुढे याच धंद्यात लहान मुलांचे हात राबवले गेले. बारीक बोटेच बारीक गाठ मारतात, हा समज मालकांच्या सोयीचा होता. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून 1994 च्या सुमारास ‘रगमार्क’ची खूण सुरू झाली; आज ती ‘गुडविव्ह’ नावाने ओळखली जाते. बालमजुरीशिवाय विणलेला गालिचा ओळखता यावा, हा तिचा उद्देश.

खानदेश गालिच्यांचा मुलूख नव्हे, तो कापसाचा. तरी विणकराच्या हाताची ओळख इथल्या मातीला आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त खानदेशाच्या वर्णनात धरणगावच्या कापडाची नोंद आहे. धुळ्यातल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आजही अनेक घरांची चूल पेटते. ज्यांच्या गल्लीत माग चालतो, त्यांना कारागिराच्या पाठीचे दुखणे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून खरेदी करताना एक करावे. गालिचा उलटून पाहावा. हातगाठीच्या गालिच्यात नक्षी पाठीवरही तितकीच स्पष्ट दिसते आणि टोकाची झालर ही ताण्याचीच टोके असतात, वरून शिवलेली नसते. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड माल. तो वापरायला वाईट नाही. पण हातगाठीचा म्हणून त्या भावाने विकणे ही फसवणूक आहे.

सगळ्यांना मोठा गालिचा परवडणार नाही. यंत्रावरची चटई अंथरण्यात कमीपणाही नाही. मात्र जिथे ऐपत आहे, तिथे एखादे लहान जानमाज, देवघरातले एखादे आसन किंवा धनगराच्या हातची घोंगडी घ्यायला हरकत नसावी. आणि घेताना घासाघीस करून कारागिराची मजुरी खाऊ नये. मजुराचा मोबदला थकवू नये, ही पैगंबरांची शिकवण रमजानमध्ये प्रवचनांतून ऐकू येते. ती बाजारातही पाळता येते. दिवसभर उपाशी राहून दुसऱ्याची भूक कळली असेल, तर ती भावताव करतानाही आठवायला हवी.