एका पानाचा पंचनामा

शुक्रवारी रात्री पंचवटीनं नाशिकरोडला उतरलो तेव्हा डोक्यात फक्त वीकेण्ड होता. सकाळी चहासोबत अण्णांनी दिंडोरीच्या मळ्यातली दोन द्राक्षपानं पुढ्यात टाकली. नोटप्रेसमधून रिटायर झाल्यापासून तो मळा म्हणजे त्यांचा जीव की प्राण! दोन्ही प्लॉटमध्ये रोपं एकाच जातीची म्हणून घेतलेली. पण एका पानाच्या खाचा खोल, दुसऱ्याच्या उथळ.

‘नर्सरीवाल्यानं फसवलं!’ मी जाहीर करून टाकलं. फोनही लावणार होतो.

‘दोन पानांवर माणसाला चोर ठरवतोस?’ अण्णा शांतपणे म्हणाले.

झालं, आमच्यातला डेटावाला जागा झाला. प्रत्येक प्लॉटमधल्या 20 वेली घेतल्या. वेलीमागे एकच पान, तेही शेंड्यापासून पाचवं. पांढऱ्या कागदावर ठेवून वरून फोटो. प्रत्येक फोटोवर 10 ठिपके: देठाचा जोड, पाच शिरांची टोकं, चार खाचा.

मग कॉम्प्युटर पानं सरकवतो, फिरवतो, सगळी एका मापाची करतो. खतापाण्यानं पान मोठं होतं, फोटोत वाकडं पडतं. ते सगळं वजा केल्यावर उरतो तो खरा आकार. या युक्तीला प्रोक्रस्टीसचं नाव आहे. ग्रीक कथांमधला हा गृहस्थ पाहुण्यांना ताणून किंवा पाय छाटून पलंगाच्या मापाचं करायचा! आपण पान सगळीकडून सारखंच लहान-मोठं करतो, एवढाच दिलासा.

आता दोन्ही प्लॉटचं सरासरी पान काढा. फरक दिसणारच! खरा प्रश्न पुढे आहे: एकाच प्लॉटमधली पानं आपसात जेवढी वेगळी, त्या मानानं हा फरक मोठा आहे का? अंतर असं फैलावाच्या हिशेबानं मोजायचं, हे कोलकात्याच्या महालनोबिस यांनी 1936 मध्ये मांडलं होतं.

मी सोपा मार्ग धरला. चाळीस पानं पत्त्यांसारखी पिसायची, वीस-वीस वाटायची, फरक मोजायचा. असं हजार वेळा. तेवढाच फरक नुसत्या पिसण्यातून शेकडो वेळा आला!

आणि ती पहिली दोन पानं? एक काडीच्या बुडाचं, दुसरं शेंड्याजवळचं. एकाच वेलीवरही अशी पानं वेगळी दिसतात.

जात एकच आहे, हे यानं सिद्ध होत नाही. पण चोर म्हणायला आधार उरला नाही. फोन केला नाही.

सोमवारी ऑफिसात कुणी म्हणालं, ‘त्या कॉलेजची पोरं तसलीच,’ तर एवढंच विचारा: बॉस, पानं किती पाहिलीस?