नवरा चांगला असता तर?

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते, तेव्हा माझ्यासमोर दोन तऱ्हेची जोडपी येत. मारझोड, दारू, हुंडा अशी प्रकरणं ऐकायला भयंकर, पण कुणाची बाजू घ्यायची ते लगेच कळायचं. झोप उडायची ती दोन बऱ्या माणसांच्या भांडणानं. आपल्या सिनेमाला या दुसऱ्या जोडप्यांची धास्ती वाटते, असं माझं मत आहे. उदाहरणही माझ्या अत्यंत लाडक्या सिनेमाचंच देते.

जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. त्या काळच्या प्रेक्षकाला हे पचवणं सोपं नव्हतं. आजही, खरं सांगायचं तर, नाही. आश्रमातला अनागोंदी कारभार, चौकशी, राजीनामा असं सगळं सोसून ती परत येते, तर मुलीला आईची सवय राहिलेली नाही आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. नवरा सुभाष झालेले गिरीश कार्नाड ते इतक्या समजूतदार आवाजात सांगतात की अंगावर काटा येतो. सुलभा पुन्हा घर सोडते. आपण टाळ्या वाजवतो.

माझी तक्रार या टाळ्यांबद्दल आहे. नवऱ्याचं प्रकरण निघालं आणि सुलभाचा प्रश्न सुटला. खरा पेच, म्हणजे काम की लेक, तसाच राहिला. प्रेक्षकाला मात्र ‘बरं झालं, गेली’ म्हणायची सोय झाली.

ही सोय न करणारा सिनेमा म्हणजे इराणच्या असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ (२०११). ऑस्करमुळे त्याचं नाव झालं, पण मला तो भावला पहिल्याच प्रसंगात. नवरा-बायको न्यायाधीशासमोर बसलेत, न्यायाधीश दिसत नाही, ती दोघं थेट आपल्याकडे बघून बोलतात. न्यायाधीशाच्या त्या खुर्चीशेजारची खुर्ची माझ्या चांगली ओळखीची. सिमीनला मुलीसाठी देश सोडायचाय, नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडायचं नाही. सांगा, चूक कुणाची?

पुढे वडिलांना सांभाळायला ठेवलेली रझिये एके दिवशी त्यांना पलंगाला बांधून बाहेर जाते. नादेर परततो, बाप जमिनीवर पडलेला. संतापून तो तिला दाराबाहेर ढकलतो. तिचा गर्भ जातो, आणि खटला येऊन थांबतो एका प्रश्नावर: ती गरोदर आहे हे नादेरला माहीत होतं का? तो न्यायाधीशांना ‘नाही’ सांगतो. त्याची अकरा वर्षांची मुलगी तेरमे त्याला घरात कोंडीत पकडते, तेव्हा कबूल करतो, की माहीत होतं, पण ढकलताना ते डोक्यात नव्हतं. कायद्याला मात्र एवढंच कळतं, माहीत होतं किंवा नव्हतं. ‘माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं’ हे मी कितीतरी पुरुषांच्या आणि बायकांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. आमच्या अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. पुढे तीच मुलगी बापासाठी न्यायाधीशासमोर खोटं बोलते, आणि त्या दृश्यात बापाबद्दलचा आपला राग आणि कणव एकाच वेळी वर येतात. रझियेलाही शंका असते, की आदल्या दिवशी मोटारीचा धक्का बसला त्यानंच हे झालं असेल. पैशाची नितांत गरज असताना ती कुराणावर हात ठेवून शपथ घेऊ शकत नाही. सगळे थोडे खोटे, सगळे बरेचसे खरे.

मराठीत हे जमत नाही असं नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशेंचे विस्मृतीत हरवलेले शास्त्री हत्तीमागे चालत निघून जातात, त्यांची मुलगी इरा ना निष्काळजी, ना देवी. असे सिनेमे चित्रपटगृहात आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत, हे निर्मात्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण मालिकांमध्ये रोज रात्री एक कारस्थानी सासू पुरवून आपण प्रेक्षकाची चटकन बाजू घ्यायची सवय वाढवत असतो, त्याचं काय?

आज कुणी ‘उंबरठा’ नव्यानं करणार असेल तर माझी एकच मागणी आहे. सुभाषला एकनिष्ठ ठेवा. त्यानं घर सांभाळलंय, वाट पाहिली आहे, आणि आता थांब म्हणतोय. मुलगी शेजारी उभी आहे. सुलभाला तरीही जाऊ द्या, आणि मग थिएटरात टाळ्या पडतात का ते बघा.