हलणारे बोटही मोडलेले असू शकते

दुकान वाढवण्याची वेळ, एका हातात कुलपे, मनात दिवसभराचा हिशेब. आणि शटर ओढताना बोट सापडते. कळ मस्तकात जाते. मग कोणीतरी म्हणते, "बोट हलवून दाखवा." बोट हलते. "मुका मार आहे," असा निकाल होतो आणि हळदीचा लेप चढतो.

कापडाच्या पेढीवरचे एक गृहस्थ याच निकालावर विसंबून अठरा दिवस थांबले. सूज ओसरली होती, बोट सरळ धरले की कोठेही व्यंग दिसत नव्हते. मूठ वळण्यास सांगताच अनामिका करंगळीवर चढली. हाड मोडून किंचित फिरले होते आणि फिरलेल्या स्थितीतच जुळू लागले होते.

बोट हलवतात ते स्नायुरज्जू. हाडाला तडा गेला तरी ते आपले काम करीत राहतात, म्हणून बोट हलणे हा हाड शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. बोट फिरले आहे का, हे घरीच पाहता येते. दोन्ही हातांची बोटे हलकेच अर्धी मिटावीत. निरोगी हातात चारही बोटांची टोके अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. एखादे शेजारच्या बोटावर चढले, किंवा त्याचे नख वेगळ्याच दिशेला तोंड करून असले, तर त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मात्र सारे ठीक दिसले तरी सूज व हाडावर दाबल्यास दुखणे असेल, तर क्ष-किरण चित्र टाळू नये. ते त्या बोटाचे, समोरून आणि बाजूने असे काढावे. सबंध पंजाच्या बाजूच्या चित्रात बोटे एकमेकांवर येतात व बारीक तडा लपतो.

मार लागताच पहिले काम अंगठी काढण्याचे. सूज वाढल्यावर ती कापावी लागते, आणि सोने कापताना हळहळ होतेच! हात उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. बोट ओढू नये, चोळू तर मुळीच नये. नखाजवळ जखम असल्यास तीही दाखवावी. आतील मोड उघडा असू शकतो. अशा वेळी जखम नीट धुणे, धनुर्वाताची लस पाहणे आवश्यक ठरते.

हाड जागेवर व स्थिर असेल तर ते बोट शेजारच्या बोटाला पट्टीने बांधणे बहुधा पुरते. सरकले असेल तर बधिर करून बसवतात व आधारपट्टी लावतात. तरीही न टिकल्यास बारीक तारा किंवा स्क्रू घालतात. सांध्यात गेलेल्या मोडाला शस्त्रक्रिया अधिक वेळा लागते.

साधारण तीन-चार आठवड्यांत हाड पुरेसे जुळते. चित्रातील रेघ मात्र पुढे काही महिने दिसत राहते. ती पुसण्याची वाट पाहत बोट बांधून ठेवणारेही भेटतात. त्यांचे हाड जुळते, सांधा आखडतो. पट्टी केव्हा सोडायची हे तपासणाऱ्यानेच ठरवावे, आणि सोडल्यावर व्यायामात कुचराई नको.

त्या गृहस्थांचे अर्धवट जुळलेले हाड शस्त्रक्रियेने सोडवून तारांनी बसवावे लागले. पहिल्याच दिवशी आले असते, तर कदाचित बधिर करून बाहेरूनच बसवता आले असते.